कागदाचा पांढरा, माझा पांढरा

मी पांढऱ्या रंगाची ट्यूब बोलतेय. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. दोन वर्षं खणात दडून काढली, मोठ्यानं बोलायची सवयच गेली. आणि जे सांगायचंय ते काही छाती पुढे काढून सांगण्यासारखं नाही. लाज वाटते. पण मी आता संपत आलेय, आणि पोटात रंग नसला तरी गोष्ट उरलीच आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आम्हा ट्यूबांना पायाकडून भरतात आणि मग पाय दुमडून टाकतात, त्यामुळे पळून जायची सोय नसते. जलरंगांच्या घराण्यात मला मान नाही, हे मला कारखान्यातच कळलं होतं. बाकीचे रंग कसे पातळ, पारदर्शक. पाण्यात विरघळले की खालचा कागद त्यांच्यातून दिसत राहतो. मी जाडी. जिथे बसेन तिथलं झाकून टाकते. झाकणं हाच माझा गुण, आणि पुढे तोच माझ्या अंगाशी आला.

गाब्रोवोच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात होते. एके दिवशी करड्या कोटातल्या एक बाई आल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदारानं सहज विचारलं, "जलरंगासाठी हवीय का?" बाईंनी मान वर उचलून खाली केली. मी मनात म्हटलं, चला, हो म्हणाल्या. मी परदेशातली, मला काय माहीत. इथे बल्गेरियात मान वर-खाली गेली की 'नाही' आणि आडवी डोलली की 'हो'. हे इथल्या पोरासोरांनाही कळतं, मला कळायला महिना लागला. दुकानदाराला मात्र बरोबर कळलं. "शाळेच्या फलकासाठी हवीय," बाई म्हणाल्या, आणि मला पर्समध्ये टाकून आपल्या गावच्या, त्र्यावनाच्या, गाडीत बसल्या.

त्यांची शाळा सुटून तेव्हा वर्ष झालं होतं. फलक कसला न् काय. पहिल्याच भेटीत मी त्यांचं पहिलं खोटं ऐकलं, तेही मानेनं बोललेलं.

त्यांचं नाव नेवेना. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑनलाइन वर्ग सुरू केला. जुन्या टेबललॅम्पचा दिवा काढून त्या जागी फोन उलटा बांधला होता. तो वरून खाली बघायचा, म्हणजे विद्यार्थ्यांना बाईंचे हात, कागद आणि पाण्याच्या दोन बरण्या दिसायच्या. समोर लॅपटॉपवर विद्यार्थ्यांच्या अकरा चौकटी. दर शनिवारी सकाळी दहाला वर्ग. त्यात निवृत्त माणसं होती, एक नर्स होती, एक बेकरीवाली होती. कुणी वार्नाचं, कुणी सोफियाचं, आणि पुढे एक तर थेट जर्मनीतून.

बाईंचा वर्ग एका नियमासाठी प्रसिद्ध होता. पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला आपली रंगपेटी कॅमेऱ्यासमोर उघडायला लावायच्या आणि पांढरी वडी सापडली की काढून टाकायला सांगायच्या. "पांढरा विकत मिळत नाही," त्या म्हणायच्या. "पांढरा राखावा लागतो. बर्फ काढायचाय? मग बर्फाच्या जागी हात लावू नका, कागद तसाच ठेवा. पांढरा म्हणजे कागद." हे त्या इतक्या ठामपणे म्हणायच्या की मला तोंड लपवावंसं वाटायचं. कारण मी तेव्हा कुठे होते? त्याच टेबलाच्या खणात, बूच काढायचा स्क्रू, वाढदिवसाच्या अर्धवट मेणबत्त्या आणि सुतळीच्या गुंडाळ्यांत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाई लबाड नव्हत्या हो. एवढं तरी मला त्यांच्या बाजूनं सांगू द्या. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. शाळेत असताना त्यांनी राखलेला पांढरा बघायला दुसऱ्या गावचे शिक्षक येत, असं म्हणतात. कौलावरची तांदळाएवढी बर्फाची कड त्या एका फटक्यात सोडायच्या. आता ब्रश त्या कडेपाशी आला की हात हलायचा आणि निळा रंग कडेवर सांडायचा. गेलेला कागद परत येत नाही. हे कुणाला सांगायचं म्हणजे नाव गेलं, वर्ग गेला, आणि शनिवारशिवाय त्यांच्या आठवड्यात दुसरं होतं काय.

म्हणून एक युक्ती निघाली. जलरंगात एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तेव्हा मध्येच त्या म्हणायच्या, "आता कागद वाळू द्या. कॉफी करून घ्या, दहा मिनिटांनी भेटू." आणि फोनवर ताटं पुसायचं फडकं टाकायच्या. की खण उघडायचा. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून, मला चिमूटभर पिळून, त्या कडेवर कड बसवायच्या. मग फडकं निघायचं आणि तिकडून अकरा जण कॉफीचे कप हातात घेऊन आ वासायचे. "बघा," बाई म्हणायच्या, "कागद कसा राहतो ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कागद कसला, मीच होते ती.

सर्वांत वाईट काय, तर ती माणसं खरोखर प्रयत्न करायची. मेतोदी म्हणून एक गृहस्थ होते, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते पट्टी घेऊन पांढऱ्याच्या जागा आखायचे आणि तरी सगळं बिघडलं की कपाळाला हात लावून बसायचे. बेकरीवाल्या बाईंनी एकदा लिहून कळवलं की माझ्या हातात कलाच नाही, मी सोडते. नेवेनाबाईंनी तिला लांबलचक, मायेचं पत्र लिहिलं. पत्रात सगळं होतं, फक्त मी नव्हते. बेकरीवाली काही परत आली नाही.

तिच्या जागी आली वेलिच्का, ती जर्मनीवाली. मूळची इथल्याच डोंगरातल्या एका खेड्यातली. बावीस वर्षं न्युर्नबर्गमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करत होती. चित्रापेक्षा आपली भाषा ऐकायला मी वर्गात येते, असं पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं तिनं. मनातलं ओठावर यायला तिला वेळ लागत नसे. फक्त ते कुणाला ऐकू जात नसे, कारण माइक चालू करायला ती हमखास विसरायची. "वेलिच्का, माइक," असं सगळे एका सुरात म्हणायचे, आणि ती हसून मान हलवायची.

ती मान कशी हलवते याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. खण फुगल्यामुळे नीट लागत नसे, आणि फटीतून लॅपटॉपचा डावा कोपरा मला दिसायचा. वेलिच्काची चौकट तिथेच असायची. मी परदेशी असल्यामुळे मला लगेच कळलं, की हिची मान परदेशी झालीय. हो म्हणायचं असलं की ती वर-खाली हलायची. बावीस वर्षं त्यांच्यात राहून भाषा शाबूत राहिली, पण मान तिकडची झाली. मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ट्यूबचं तोंड दुसऱ्यानं उघडावं लागतं.

फेब्रुवारीत बाईंनी ठरवलं की गावच्या वाचनालयाच्या सभागृहात वर्गाचं प्रदर्शन भरवायचं. एक मार्चला उद्घाटन. नियम एकच, आणि तो दारावरच लिहिणार होत्या: या चित्रांत पांढरा रंग नाही. प्रत्येकानं आपलं चित्र आधी कॅमेऱ्यात दाखवायचं आणि बाईंनी पसंत करायचं.

वेलिच्कानं आईच्या अंगणाचं चित्र काढलं होतं. मागे काळसर आलुबुखाराची झाडं, पुढे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. चादरी इतक्या सुरेख राखल्या होत्या की बाई लॅपटॉपवर पार वाकल्या. आणि त्या गर्द झाडांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरीची एक बारीक पांढरी रेघ.

बाईंनी विचारलं, "वेलिच्का, पांढरा रंग वापरलास का?"

माइक अर्थातच बंद. वेलिच्कानं बाईंच्या डोळ्यांत बघून मान वर-खाली हलवली. दोनदा.

"शाबास," बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी हिच्याकडून शिका." आणि पुढच्या चौकटीकडे वळल्या. वेलिच्काचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तिला वाटलं, खरं बोलल्याची शाबासकी मिळाली आणि एका दोरीपुरती सूट मिळाली. इकडे बाईंना वाटलं, सात महिन्यांची विद्यार्थिनी आणि केसाएवढी रेघ राखते. त्या दिवशी वर्ग संपल्यावर त्यांनी आपला थरथरता हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. हेवाच होता तो, दुसरं काय.

एक मार्च उजाडला. बाईंनी करडा कोट घातला आणि जाता जाता मला डाव्या खिशात टाकलं. त्यांच्या स्वतःच्या चित्रातल्या एका छपरावर मी वाळून तडकले होते, तिथे कुणी यायच्या आत बोट फिरवायचं होतं. पण आम्ही पोचलो तोवर सभागृह भरलेलं. मी खिशातच राहिले, शिवणीच्या फटीतून बघत.

वेलिच्का रजा काढून आली होती. पहिल्यांदाच सगळ्यांना ती पुरी दिसली. चौकटीत वाटायची त्यापेक्षा बरीच ठेंगणी. मार्चचा पहिला दिवस म्हणजे मार्तेनित्साचा दिवस. लाल आणि पांढरा दोरा वळून एकमेकांच्या मनगटाला बांधायचा, आणि झाडाला पहिला मोहर दिसेपर्यंत काढायचा नाही. तिनं सगळ्या वर्गासाठी स्वतः वळून आणल्या होत्या. बाईंची सगळ्यात मोठी होती, ती तिनं शेवटी ठेवली.

चित्रं काचेशिवाय, नुसती टाचलेली होती. मेतोदी एकेका चित्रासमोर उभे राहत होते, चष्मा कपाळावर चढवून. वेलिच्काच्या चित्रापाशी ते फार वेळ थांबले. मग त्यांनी बोट जिभेला लावलं आणि दोरीवर हलकेच टेकवलं. मोजणी खात्यातला माणूस, खुणेचा दगड हलवून बघितल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार. बोटाला पांढरा लागला.

"बाई," ते म्हणाले, "ही दोरी कागदाची नाही."

बोलणी थांबली. सगळे आधी बोटाकडे, मग वेलिच्काकडे बघायला लागले. मेतोदींना राग आला होता आणि तो खराही होता. त्यांनी दोन वर्षांत कागदांचा एक गठ्ठा फाडला होता. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस, आम्ही बघितलंय, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, जर्मनीत राहून बरंच शिकून आलेली दिसते.

"मी हो म्हणाले होते," वेलिच्का म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणाले होते ना?" आणि बोलता बोलता तिची मान पुन्हा तशीच वर-खाली गेली.

बाईंना त्या क्षणी कळलं. मला कसं माहीत? त्यांचा डावा हात खिशात होता आणि त्यानं मला करकचून धरलं. एक वाक्य पुरलं असतं: चूक माझी, तिची मान मला वाचता आली नाही. पण त्या वाक्यामागून दुसरं येणार होतं. मेतोदींचं ओलं बोट आता बाईंच्या छपरांकडे वळलं तर? चोराच्या मनात चांदणं. बाई गप्प राहिल्या. हात आवळत गेला, माझं टोपण निघालं, आणि मी त्यांच्या तळहातात भळाभळा वाहिले.

वेलिच्कानं थोडा वेळ उत्तराची वाट बघितली. मग स्वतःच्या चित्राच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि ते गुंडाळलं. निघताना बाईंसमोर येऊन तिनं ती मोठी मार्तेनित्सा पुढे केली. तिच्या आईच्या घरची पद्धत डाव्या मनगटाची. "हात द्या, बाई," ती म्हणाली. भांडण एकीकडे आणि मार्तेनित्सा एकीकडे. मार्तेनित्सा कुणी नाकारत नाही.

हात खिशात होता आणि पांढरा झाला होता. कसा काढणार?

बाईंनी हात दिला नाही. वेलिच्का दोरा तसाच धरून उभी राहिली. मी मुठीत असल्यानं तिचा चेहरा मला दिसला नाही, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. मग तिची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकू आली.

घरी आल्यावर बाई नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. मी निघता निघत नव्हते. नखांत बसले होते, कोटाच्या अस्तरात बसले होते. आयुष्यात मी बरंच काही झाकलं, पण त्या दिवशी वेलिच्काचं नाव माझ्यामुळे काळं झालं. पांढऱ्या रंगाला यापरती लाज कोणती असते?

पुढच्या शनिवारी वर्ग भरला. डावा कोपरा रिकामा होता. मेतोदींच्या मनगटावर वेलिच्काचीच मार्तेनित्सा होती. तेही तिच्याबद्दल काही बोलले नाहीत, उगाच पेन्सिलीला टोक करत बसले. बाईंनी बर्फातला पूल काढायला घेतला. ब्रश कठड्यापाशी आला, हात हलला, निळा सांडला. "कागद वाळू द्या," त्या म्हणाल्या. "कॉफी करून घ्या." मग त्यांनी फडकं उचललं आणि खण उघडून मला बाहेर काढलं.

फडकं हातातच राहिलं. कितीतरी वेळ. मग त्यांनी ते बरणीच्या कडेला ठेवलं आणि मला कागदावर, फोनच्या बरोबर खाली, आडवं ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा फोनची नजर माझ्यावर पडली. मी पिचलेली, पोट खपाटीला गेलेलं, अंगावर अस्तराचे धागे चिकटलेले. वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

कॉफीला उठलेले परत येऊन बसले. एकेक जण पडद्याजवळ वाकला. शेवटी मेतोदींनीच विचारलं, अगदी हळू, "बाई, ही तुम्ही वापरता?"

बाईंची मान हलायला लागली. वर, मग आडवी, मग अर्धवट कुठेतरी. त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटी धरली आणि मान थांबवली.

"मान सोडा," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगते. हो. दोन वर्षं. तुमची कॉफी होईपर्यंत मी हिनं बर्फ लावत होते आणि तुम्हाला कागद म्हणून दाखवत होते. माझा हात हलतो. आणि मी विचारल्यावर वेलिच्कानं खरं सांगितलं होतं. तिची मान तिकडची झालीय, मला ते सभागृहात कळलं, आणि तरी मी बोलले नाही."

मेतोदींची चौकट त्याच क्षणी बंद झाली. आणखी दोघी गेल्या, त्या कायमच्या. बेकरीवाल्या बाईंना नेवेनाबाईंनी त्याच दुपारी पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी चार ओळींचं, आणि त्यात मी होते. उत्तर आलेलं नाही. मेतोदी मात्र दुसऱ्या शनिवारी आले. वर्ग अर्धा होईपर्यंत ते पट्टीनं रेघाच आखत बसले. मग म्हणाले, "दोन वर्षं मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय." बाई म्हणाल्या, "तुमचं काहीच चुकत नव्हतं, मेतोदी." त्यावर दोघंही बराच वेळ आपापला कागद ओला करत राहिले.

बाईंनी वेलिच्काला त्या कबुलीच्या वर्गाची सगळी ध्वनिचित्रफीत जशीच्या तशी पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक वर्गात त्या डावा हात उघडा, मोकळ्या मनगटानिशी टेबलावर ठेवून शिकवत होत्या. गावात झाडं मोहरली, लोकांनी आपापल्या मार्तेनित्सा काढून फांद्यांना बांधल्या. या मनगटावरून काढायला काही नव्हतंच.

काल पुन्हा शनिवार होता. डाव्या कोपऱ्यात एक काळी चौकट आली. चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं नाव: वेलिच्का. बाईंनी ते वाचलं आणि पुढे काही विचारलं नाही. नवा कागद घेतला. गर्द झाडं काढली, चादरी काढल्या. एक राखली गेली, एक बिघडली, बिघडलेली तशीच ठेवली. फडकं शेगडीजवळ खुंटीला होतं. मग सगळ्यांच्या देखत मला उचललं, पायापासून गुंडाळत गुंडाळत जे काही उरलं होतं ते पिळून काढलं, आणि त्या हलत्या हातानं दोरी ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दोरी जमली का, वेलिच्का?" त्यांनी विचारलं.

काळी चौकट काळीच राहिली. तिथे मान दिसायची सोयच नव्हती. मग माइक चालू झाल्याचा तो बारीक आवाज आला. स्वतःहून चालू केला तिनं, कुणी सांगितलं नव्हतं.

"डावीकडे जाड झालीय, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "झालीय."

झालीच होती जाड. तो माझा शेवटचा थेंब होता आणि तिथे साकळला. मी आता रिकामी, चपटी, टेबलावर उघड्यावर पडलेय. खणात परत कुणी टाकलं नाही. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल, रंगपेटीत नाहीतर कुठल्याशा खणात. तिला खुशाल वापरा, ती काही विष नाही. फक्त कुणी विचारलं तर मानेवर भागवू नका.